काल तुम्ही कुठे कुठे गेला होतात? शहराचा वाहतूक आराखडा नव्याने करतात म्हणजे काय

काही वर्षांपूर्वी एका बुधवारी संध्याकाळी पुण्यात आमच्या कोथरूडच्या घरी एक मुलगी टॅब घेऊन आली. गळ्यात ओळखपत्र, पाठीला सॅक, लिफ्ट बंद असल्यामुळे चार मजले चढून आलेली. "वाहतुकीचा सर्व्हे आहे, दहा मिनिटं लागतील," म्हणाली. पाणी प्यायली आणि विचारू लागली : काल घरातलं कोण कोण, कुठून कुठे, किती वाजता, कशाने गेलं?

माझं सोपं होतं. घर ते हिंजवडी, हिंजवडी ते घर, दुचाकी. बायकोचं घर ते डेक्कन आणि परत, बसने. मग ती आईकडे वळली. आई म्हणाली, "मी कुठे जाणार? घरीच होते मी."

त्या मुलीने शून्य भरायला बोट उचललं आणि थांबली. "आजी, भाजीबिजीला गेला असाल ना?"

मग एकेक निघत गेलं. सकाळी नातवाला स्कूलबसच्या थांब्यावर सोडलं. तिथूनच रस्ता ओलांडून बँकेत. बँकेतून औषधाच्या दुकानात. मग घरी. दुपारी पुन्हा थांब्यावर, नातवाला घेऊन परत. संध्याकाळी भाजी आणायला आणि माघारी. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेलं की त्यांच्या हिशेबात एक फेरी होते. माझ्या दोन, बायकोच्या दोन, आणि 'घरीच होते' म्हणणाऱ्या आईच्या आठ. आठच्या आठ पायी.

त्या मुलीने दुसऱ्यांदा विचारलं नसतं, तर आमच्या तिघांच्या बारापैकी आठ फेऱ्या शहराच्या हिशेबात आल्याच नसत्या. पुढच्या तीस वर्षांत कुठे मेट्रो जाईल, कुठे उड्डाणपूल होईल, कुठल्या फुटपाथला पैसे मिळतील, हे ज्या कागदावर ठरतं त्याची सुरुवात या प्रश्नापासून होते. म्हणून हा कागद नीट समजून घेऊ या.

त्याला म्हणतात सर्वंकष वाहतूक आराखडा. पालिकेच्या आणि मेट्रोच्या बोलण्यात 'सीएमपी'. वीस ते तीस वर्षांनंतर शहरात किती माणसं असतील, ती कुठे राहतील, कुठे कामाला जातील आणि त्यांची ने-आण कशी करायची, याचा हा अंदाज आणि त्यावरून काढलेली कामांची यादी. डीपी म्हणजे विकास आराखडा, तो वेगळा. डीपी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली होतो, त्याला कायद्याचं बळ असतं. तुमच्या जमिनीवर रस्त्याची रेघ पडली तर ती डीपीमुळे. वाहतूक आराखड्याला स्वतःचं असं कायदेशीर बळ नाही. तरी त्याचं वजन मोठं आहे, कारण केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणानुसार असा आराखडा असल्याशिवाय मेट्रोला केंद्राची मदत मिळत नाही. रस्ता, पूल, बस यांच्या मोठ्या प्रस्तावांनाही 'हे आराखड्यात आहे' एवढं वाक्य पुरतं. जमीन डीपी देतो, कारण हा आराखडा देतो, असं मी माझ्यापुरतं लक्षात ठेवलं आहे.

एकदा केला की झालं, असं का नाही? पुण्याचंच पाहा. १९८७ च्या विकास आराखड्यात शहराभोवती, म्हणजे तेव्हाच्या शहराभोवती, सुमारे ३६ किलोमीटरचा एक वर्तुळाकार मार्ग दाखवला होता. एचसीएमटीआर म्हणून पुणेकर त्याला ओळखतात. उच्च क्षमतेच्या सार्वजनिक वाहतुकीसाठी हा पट्टा राखायचा, अशी कल्पना होती. आखणी चांगली होती की वाईट, हा वाद वेगळा. पण तेव्हा हिंजवडी हे शेतीचं गाव होतं, बाणेर-बालेवाडी शहराबाहेर, खराडी त्याहून लांब. पुढच्या तीस वर्षांत शहर त्या वर्तुळाच्या कितीतरी पलीकडे गेलं. वर्तुळ कागदावरच राहिलं, आणि त्याचा अर्थही बदलत गेला : कधी बससाठी, कधी मोटारींसाठी उन्नत मार्ग, निविदा निघाल्या तर दर अंदाजापेक्षा फार चढे आले, पुढे त्याच पट्ट्यावर निओ मेट्रोचा, म्हणजे रबरी चाकांच्या हलक्या मेट्रोचा, विचार निघाला. ज्यांच्या घराच्या अंगणातून ती रेघ जाते, त्यांनी मात्र सगळी वर्षं 'बांधू की नको' या टांगणीत काढली.

२००६ मध्ये केंद्राचं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आलं. त्याचा गाभा एवढाच : वाहनं नव्हे, माणसं हलवायची. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर विकास योजनेचा निधी हवा तर शहराचा वाहतूक आराखडा हवा, असं झाल्यावर पुण्याने २००८ च्या सुमारास आपला आराखडा केला. पिंपरी-चिंचवडचा वेगळा. २०१८ च्या सुमारास पीएमआरडीएने, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, अख्ख्या महानगर प्रदेशाचा केला. त्यानंतर महामेट्रोने पुन्हा नवा केला, त्याचं क्षितिज २०५४ आणि खर्चाचा अंदाज सव्वा लाख कोटी रुपयांच्या घरात.

मधल्या काळात काय काय झालं ते बघा. पालिकेत २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३. मार्च २०२२ मध्ये पहिली मेट्रो धावली. त्याआधीच्या एकाही सर्व्हेत 'काल मेट्रोने गेलात का' असं विचारताच आलं नव्हतं. करोनात लोकांनी बस सोडून दुचाकी घेतल्या, आयटीतल्या खुर्च्या घरी गेल्या आणि हळूहळू परत आल्या. आणि या सगळ्याच्या मुळाशी असलेली जनगणना शेवटची झाली ती २०११ ला. तेव्हा पुणे पालिकेत सुमारे ३१ लाख माणसं होती, पिंपरी-चिंचवडमध्ये १७ लाखांहून थोडी जास्त. २०२१ ची जनगणना झालीच नाही. म्हणजे तीस वर्षं पुढचं बघायला निघालेला माणूस मुळात एका दशकाहून जुन्या आकड्याच्या खांद्यावर उभा राहतो आणि तिथून अंदाज बांधतो. त्यात करणाऱ्यांची चूक नाही. पण म्हणूनच असा आराखडा ठरावीक काळाने उघडून पुन्हा तपासावा लागतो.

आता कारखान्यात शिरू. आधी शहराचे तुकडे पाडतात, शेकड्यांनी. एखादा प्रभाग, एखादं गाव, मोठी वसाहत, औद्योगिक पट्टा, असा प्रत्येक तुकडा. त्यांना क्षेत्र म्हणतात. मग घरोघरी तो 'काल कुठे गेलात' सर्व्हे. सगळ्यांना विचारणं शक्य नसतं, म्हणून शंभर घरांमागे एखाद-दोन घरं घेतात. दुसरीकडे चौकाचौकांत आणि शहराच्या वेशीवर गाड्या मोजतात. पूर्वी पोरं खुर्ची टाकून तक्त्यावर पाच-पाच रेघांच्या जुड्या मारत बसायची, आता बहुतेक ठिकाणी कॅमेरा लावतात. वेशीवर गाडी थांबवून कुठून आलात, कुठे निघालात, विचारतात. बसच्या थांब्यावर, रेल्वे स्टेशनात, ट्रकच्या अड्ड्यावरही माणसं उभी असतात.

हा सगळा माल संगणकात जातो आणि चार प्रश्न सोडवले जातात. या तुकड्यातून रोज किती फेऱ्या निघतील? त्या कुठल्या तुकड्यात जातील? कशाने जातील : पायी, सायकल, बस, मेट्रो, दुचाकी, कार? आणि कुठल्या रस्त्याने किंवा मार्गाने? आजचं उत्तर चौकातल्या मोजणीशी जुळतं का ते बघतात, जुळेपर्यंत आकडे घोटतात. मग लोकसंख्या आणि नोकऱ्या वाढवून पुढची वर्षं चालवून पाहतात. नकाशावर काही रस्ते लाल होतात, आणि लाल रस्त्यांवर उपाय सुचवले जातात. एवढंच ते यंत्र आहे. गणित किचकट असलं तरी प्रश्न तुमच्या-माझ्या समजुतीतलेच आहेत.

यात दोन जागा अशा आहेत, जिथे माझा जीव अडकतो.

पहिली म्हणजे कोण मोजलं जातं. त्या बुधवारी आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी आत भांडी घासत होत्या. मुलगी गेल्यावर त्या म्हणाल्या, "मला नाही विचारलं." बरोबरच होतं; त्यांना त्यांच्या घरी विचारायचं असतं. पण त्यांची वस्ती नमुन्यात येईल का? आली तरी सर्व्हेवाले जातात तेव्हा त्या घरी असतील का? पहाटे साडेपाचला त्या निघतात, सात घरं करतात, संध्याकाळी परततात. माझ्या आणि बायकोच्या मिळून जेवढ्या होतात, त्याच्या दुप्पट फेऱ्या त्यांच्या एका दिवसात. घर ते काम, घर ते शिक्षण, या फेऱ्यांना आराखड्यात स्वतःचा रकाना असतो. आईच्या आणि मावशींच्या बहुतेक फेऱ्या 'इतर'मध्ये जातात. बायकांचा प्रवास असा साखळीचा असतो, छोटा, मध्ये थांबत, कुणाला तरी सोबत घेऊन. तो नीट मोजला गेला तर शहराला फुटपाथ लागतात, ओलांडायला वेळ देणारा सिग्नल लागतो, दुपारच्या बस लागतात. फक्त नऊ ते सहाची नोकरी मोजली तर हिंजवडीची वाट रुंद करावी लागते. प्रश्न बदलला की उत्तर बदलतं, इतकं हे सरळ आहे.

दुसरी जागा म्हणजे वाहन कसं मोजतात. रस्त्यावर सगळ्या जातीच्या गाड्या एकत्र चालतात, म्हणून सगळ्यांना कारच्या मापात आणतात. रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या शहरी रस्त्यांसाठीच्या १९९० च्या कोष्टकात कार म्हणजे १, दुचाकी ०.५ ते ०.७५, बस २.२ ते ३.७, गर्दीत त्या वाहनाचा वाटा किती, त्यावर नेमका आकडा ठरतो. हे मापन रस्त्याच्या जागेपुरतं रास्त आहे. पण तक्त्यात बस येते ती साडेतीन कारएवढी अडचण म्हणून. तिच्यात साठ माणसं आहेत की सहा, हे त्या रकान्याला कळत नाही. हेच साठ जण दुचाकीवर काढले, एका दुचाकीवर दीड माणूस धरलं, तर चाळीस दुचाकी होतात, ०.७५ ने गुणलं तर ३० कारएवढी जागा. बसला ३.७. त्यांच्याच मापाने बस आठपट काटकसरी निघते, फक्त माणसं भागिले जागा असा एक रकाना कुणीतरी आखायला हवा. आणि पायी चालणाऱ्याला तर या कोष्टकात आकडाच नाही. त्याची मोजणी वेगळी करावी लागते, आणि ती केली की नाही हे प्रत्येक आराखड्यात शोधून पाहावं लागतं.

लाल रस्त्यांवरच्या उपायांबद्दलही थोडं बोलायला हवं. संगणक सांगतो, या रस्त्याची क्षमता १०० आणि २०४० मध्ये गाड्या १३० होतील. रस्ता १४० चा केला की प्रश्न मिटला असं वाटतं. पण कोंडी नको म्हणून जो सकाळी सातलाच निघायचा, तो आता नऊला निघतो. बसने जाणारा कंटाळून हप्त्यावर दुचाकी घेतो. पलीकडच्या गावात 'वीस मिनिटांत शहरात' अशा पाट्या लागतात, सोसायट्या उभ्या राहतात. १३० चे १६० होतात. रस्ता केल्यामुळे निघालेल्या या फेऱ्या गणितात धरायची सोय असते, पण ती वापरावी लागते. नवा आराखडा हातात आला की मी आधी हेच शोधतो : रुंद रस्त्याने नव्या गाड्या किती येतील, हे कुठे लिहिलंय का?

विद्यापीठ चौक आठवतो ना? तिथले उड्डाणपूल जुलै २०२० मध्ये पाडले. बांधून दीड दशकही धड झालं नव्हतं. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रो तिथून न्यायची, वर मेट्रो आणि खाली वाहनं असा दुमजली पूल करायचा, तर जुने पूल आडवे येत होते. मी टाळेबंदीत मुलाला दाखवायला म्हणून तो पाडलेला पूल लांबून बघितला होता. सळया बाहेर आलेल्या, काँक्रीटचे ढीग. माझ्या कॉलेजच्या शेवटच्या दिवसांत तो पूल होताना पाहिला होता, आणि आता तो जाताना पाहत होतो. पूल बांधणाऱ्यांनी त्या दिवसाची कोंडी पाहिली. त्याच पट्ट्यात पुढे मोठी सार्वजनिक वाहतूक लागेल, हे गृहीत धरून खांब बसवले गेले नाहीत. दीर्घ पल्ल्याचा आराखडा असतो तो नेमका यासाठी. आज जे बांधतोय ते पंधरा वर्षांनी पाडावं लागू नये.

नव्याने आराखडा करताना सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी होणारं काम म्हणजे मागच्याचा जमाखर्च. मागे काय म्हटलं होतं, त्यातलं काय झालं, काय झालं नाही, का नाही? पुण्याने डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी सुरू केली, देशात पहिली. बसला स्वतःची मार्गिका, हा विचार अजूनही मला मनापासून पटतो. पण थांब्यापर्यंत रस्ता ओलांडून सुखरूप जाता येईना, मार्गिकेत इतर गाड्या शिरत, बस पुरेशा नव्हत्या. २०१५ नंतर पुन्हा चांगल्या पद्धतीने सुरुवात झाली, पिंपरी-चिंचवडमध्ये ती टिकली, पण पुण्यात नगर रस्त्यावरची मार्गिका पुढे उखडली गेली. हा अनुभव नव्या आराखड्यात दोन-चार पानं भरून यायला हवा, कारण मेट्रोच्या स्टेशनापर्यंत माणूस कसा पोचणार, हा प्रश्न बीआरटीच्या थांब्याचाच प्रश्न आहे. पुणे पालिकेचं पादचारी धोरण २०१६ मध्ये झालं. फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी, असं इंडियन रोड्स काँग्रेसचं मार्गदर्शन आहे. एक टेप घ्या आणि घरापासून बसथांब्यापर्यंत मोजत जा. विजेच्या पेटीचा खांब, झाडाचा पार, स्टॉल, लावलेल्या गाड्या वगळून उरलेलं मोजा. मी मोजलं तेव्हा एका ठिकाणी ४० सेंटिमीटर उरले होते, आणि आई तिथून रोज जाते.

पैशाचं पान उघडाल तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथे बहुतेक बांधकामाचा खर्च असतो. पूल, बोगदा, मार्ग बांधला की खर्च झाला, फीत कापली की काम दिसलं. बस रोज चालवायला लागते. चालक, वाहक, डिझेल किंवा वीज, दुरुस्ती, हे दरवर्षी. पीएमपीएमएलला, म्हणजे दोन्ही शहरांच्या बस कंपनीला, येणारी तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड पालिका ६०:४० अशी वाटून घेतात आणि दरवर्षी ती 'तोटा' म्हणून बातम्यांत येते. उड्डाणपुलाला कुणी तोटा म्हणत नाही. केंद्राच्या मापदंडानुसार चांगल्या सेवेसाठी दर हजार माणसांमागे ०.६ बस लागते. २०११ च्याच लोकसंख्येला गुणलं तरी दोन्ही शहरांना सुमारे २,९०० बस हव्यात. ताफा आहे २,००० च्या आसपास, आणि माणसं तेव्हापासून कितीतरी वाढली. सव्वा लाख कोटींच्या आराखड्यात बस विकत घ्यायला किती आणि रोज चालवायला किती, हे दोन आकडे वेगळे शोधा. दुसरा सापडला नाही तर तेच तुमचं पहिलं म्हणणं होऊ शकतं.

म्हणणं मांडायचं कधी? आपण बहुतेक जण दाराशी खांब उभा राहिल्यावर जागे होतो. तोवर निविदा झालेली असते. खरं तर ऐकून घेतलं जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते ती अगदी सुरुवातीला, सर्व्हे कसा करणार आणि ध्येय काय हे ठरत असताना, आणि मग मसुदा आल्यावर. डीपीत बदल करायचा असला तर हरकती-सूचना मागवणं कायद्याने बंधनकारक आहे, मुदत साधारण महिन्याची असते, सुनावणीही होते. वाहतूक आराखड्याला तसं बंधन नाही, म्हणून तो जनतेपुढे ठेवा, मराठीत ठेवा, ही मागणी प्रत्येक वेळी करावी लागते. पाचशे पानी इंग्रजी अहवाल संकेतस्थळावर टाकला म्हणजे तो लोकांपुढे ठेवला असं होत नाही.

'बससेवा सुधारा' असं लिहिलेला अर्ज फायलीत जातो, कारण त्याचं काय करायचं हे वाचणाऱ्याला कळत नाही. नमुना हवा असेल तर मी मावशींना विचारून लिहिलेली सूचना अशी होती : 'सुतारदऱ्याहून कर्वेनगरकडे पहाटे साडेपाच ते सात या वेळेत बस नाही. या वेळी घरकामाला जाणाऱ्या बायका दोन किलोमीटर चालत जातात. वाटेत उताराला दिवे नाहीत. घरोघरीच्या सर्व्हेत या वस्तीतली किती घरं घेतली आणि ती कोणत्या वेळी, ते कळवावं. घेतली नसल्यास संध्याकाळी सातनंतर पुन्हा सर्व्हे करावा.' खाली त्यांनी सही केली. शेजारच्या अकरा जणींच्या सह्या त्या स्वतः घेऊन आल्या.